एकवीस दिवसांचा ब्रेड

मानवजात आणि जंतू यांच्यातलं लाखो वर्षांचं युद्ध परवा रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या वसाहतीच्या सभागृहात कायमचं संपणार होतं. ते पाऊण तास लांबलं, कारण सभागृहाची किल्ली रखवालदाराकडे होती आणि रखवालदार पोट बिघडल्यामुळे घरी झोपला होता.

खुर्च्या दीडशे, माणसं तीनशे. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले थेंबसम्राट. ही पदवी त्यांना त्यांच्याच फलकाने दिली होती. त्यांनी पाण्याचा पेला उंच धरला, बाटलीतल्या पारदर्शक द्रवाचे चार थेंब त्यात सोडले, आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. माझ्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर डोळे पुसू लागले.

"लवंग, ओवा, दालचिनी!" थेंबसम्राट गरजले. "निसर्गाच्या तेलाचे नॅनो कण! एका केसाच्या जाडीत हजार मावतील! जंतू पळतो, पण पळणार कुठे? कण आधीच तिथे जाऊन बसलेला असतो! ब्रेडवर मारा, भाजीवर मारा, जखमेवर मारा, दाढेत सोडा! गोळ्या बंद, डॉक्टर बंद!"

"आणि केस गळत असतील तर?" मागून एक आवाज.

"टाळूला चोळा!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात मोकळे होते.

मग त्यांनी साक्षीदार म्हणून माझ्या बायकोला वर बोलावलं.

तिने तीस वर्षं बेकरी चालवली. पंधरा दिवसांपूर्वी तिची खालची दाढ ठणकू लागली आणि गाल सुजला. दातांच्या डॉक्टरिणीने मुळाशी पू झाल्याचं सांगून दाढ काढायची तारीख दिली. त्याच दिवशी शेजारणीने ही बाटली आणून दिली. चार थेंबांत ठणका गेला. बायकोने ती तारीख रद्द केली, मग पुढचीही. सूज उतरली नव्हती, संध्याकाळी अंगात कणकण असायची.

"अगं, गाल बघ आरशात," मी म्हणायचो.

"मला दुखतंय का? नाही ना? मग तुम्हाला काय होतंय?"

मला भीती वाटायला हवी होती. पण सत्तरीनंतर भीती आली तरी दारात उभी राहते, दोनदा बेल वाजवते, आणि उठायचा कंटाळा येतो.

आदल्या दिवशी मात्र उठलो आणि ती बाटली डॉक्टरिणीकडे घेऊन गेलो. तिने वास घेतला आणि चार थेंब माझ्या ओठाला लावले. पाच मिनिटांत ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी झाला.

"काका, तुमचा ओठ दुखत होता?"

"नाही."

"मग बरा काय झाला? लवंगेचं तेल आहे हे. जागा बधिर करतं. तेल विरघळवणारं काहीतरी घातलंय, म्हणून पाण्यात पडताच तेलाचे थेंब सुटतात आणि पाणी पांढरं दिसतं. खरोखर नॅनो असते तर पाणी जवळपास स्वच्छच राहिलं असतं. अशा तेलांवर प्रयोगशाळेत चांगलं काम चालू आहे, अन्न टिकवायला ती थोडीफार उपयोगी पडतीलही. पण मुळाखालच्या पुवापर्यंत ती पोचत नाहीत. काकू आणखी आठवडाभर थांबल्या तर पू गळ्यात उतरेल, आणि मग माझ्याकडे नाही, मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल."

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. बधिर ओठातून चहा सदऱ्यावर सांडत होता. ती म्हणाली, "आधी तोंड पुसा."

तर ती व्यासपीठावर चढली. टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या, एकवीस दिवस सीलबंद. एकीतला ब्रेड हिरवागार, केसाळ. दुसरीतला, थेंब मारलेला, पांढराशुभ्र.

"ताई, तुम्ही तर ब्रेडमधल्या जाणकार! घ्या हातात, सांगा जगाला!"

तिने पांढरा ब्रेड हातावर घेतला, किंचित वरखाली केला. मग बोटाने टकटक केली. माइकमधून लाकडासारखा आवाज आला.

"हा वाळवलाय," ती म्हणाली.

"ताई, ही निसर्गाची किमया..."

"किमया नाही, मंद भट्टी. निदान तीन तास. एवढा ब्रेड हातात जड लागतो, हा पिसासारखा आहे. पाणीच नाही तर बुरशी येईल कशाला?"

"नॅनो कण पाणी पिऊन टाकतात!"

"पंधरा दिवस तोंडात सोडतेय, मला कोरड नाही पडली. माझ्या दुकानात टोस्टची बरणी तीन महिने असायची. कधी बुरशी आली नाही. कधी कुणी टाळ्यापण वाजवल्या नाहीत."

मग बायकोने आपला हात गालावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"जो ब्रेडबद्दल खोटं बोलतो," ती माइक विसरून म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "तो माझ्या दाढेबद्दल खरं कशाला बोलेल?"

मी वर गेलो. आयुष्यभर मी लोकांना हसवण्यासाठी लिहिलं. त्या दिवशी साधं बोललो. म्हटलं, दुखणं थांबणं आणि रोग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चमत्कार दिसला की आधी तो हातात घेऊन बघा, जड आहे का हलका. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून गोळी सोडू नका, तारीख रद्द करू नका. विचारा. पुन्हा विचारा. विचारल्याने ज्याला राग येतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोस्टमास्तरांनी डोळे पुसायचं थांबवलं, तेवढंच. थेंबसम्राट बाटल्या खोक्यात भरू लागले होते.

"चल," मी बायकोला म्हणालो. "डॉक्टरीण रविवारीही बघते म्हणाली आहे."

"चला." ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि मागे वळली.

"अहो थेंबसम्राट," ती म्हणाली, "तेवढे चार थेंब देता का? दवाखाना दोन बस लांब आहे."