कापायचा राहिलेला कोपरा

घशाच्या ऑपरेशनने नवऱ्याचा आवाज गेला तो गेलाच. जन्मभर बायकोशी तोंडाने भांडलेला माणूस शेवटचे काही महिने चिठ्ठ्यांवर भांडत होता. ‘चहात साखर विसरलीस.’ ‘विसरली नाहीस, मुद्दाम घातली नाहीस.’ ती तोंडाने उत्तर द्यायची, तो बॉलपेनने. तो गेल्यावर त्याच्या चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या, एक डबाभर.

नणंद, त्याची थोरली बहीण, भेटायला आली तेव्हा म्हणाली, “त्यातली एक मला दे गं. कुठलीही चालेल. माझ्याकडे त्याच्या हातचं काहीच नाही.”

“ताई, मी या चिठ्ठ्यांचं चित्र करणार आहे. मेणात घातलं की वर्षानुवर्षं टिकतं. मग तुम्हीही बघा की.”

खरं तर तिला एकही चिठ्ठी सोडवत नव्हती. नणंदेला ते कळलं.

मेण हाच तिचा धंदा होता. लोक आईवडलांची पत्रं घेऊन यायचे. ती मधमाशीच्या मेणात राळ घालून वितळवायची, फळीवर कागद ठेवून ब्रशने थर द्यायची आणि हीट गनने तो मुरवायची. आधी मात्र पत्राचा कोपरा, दोन अक्षरांसकट, कापून मेणात टाकून बघायची. कुठली शाई कशी वागेल याचा नेम नसतो. कुणी कुरकुर केली की ठणकावायची, “दोन अक्षरांचा मोह धरलात तर सगळं पत्र जाईल.”

स्वतःवर वेळ आली तेव्हा ती कात्री घेऊन नुसती बसून राहिली. त्याची एक वेलांटीही कापणं तिच्याने होईना. शेवटी तिने आपल्याच शाईच्या पेनाने कोऱ्या कागदावर चार शब्द लिहिले आणि ते मेणात घातले. छान आले. तेवढ्यावर तिने भागवलं.

फळीवर सगळ्या चिठ्ठ्या मांडल्या. पहिला थर नीट बसला. दुसऱ्यावर हीट गन फिरवली आणि निळ्या रेषांना पाय फुटले. बॉलपेनची शाई तेलकट, गरम मेणात विरघळते. हे तिने दुसऱ्या कुणालाही झोपेतून उठून सांगितलं असतं. मेण थिजलं तोवर नुसते निळे डाग राहिले होते.

चित्र बघायला नणंद आली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने डागांवरून हात फिरवला. “कुठे काय होतं, सांग. मी लक्षात ठेवते.”

“इथे ‘तू जेवलीस का’. इथे ‘ताईचा फोन आला तर मी झोपलोय म्हण’.”

नणंद रडता रडता हसली. “लबाड मेला. आणि इथे?”

चिठ्ठीची घडी तिला आठवत होती, ती वाचून आपण त्याच्यावर खेकसलो होतो हेही आठवत होतं. शब्द काही केल्या येईनात.

“हे गेलं, ताई,” ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना. “तुम्हाला एक दिली असती, तर एक तरी उरली असती हो.”