सातव्या पानापुढची शेळी

ग्रंथपालबाईंच्या मते हल्लीच्या बालपुस्तकांचे दोनच प्रकार होते: दात घासायला सांगणारी आणि सॉरी म्हणायला लावणारी. सव्वीस वर्षं त्या वाचनालयाचं बालदालन सांभाळत होत्या. अलीकडे तर वाघ, ससा, बेडूक, अगदी ढगसुद्धा शेवटच्या पानावर सॉरी म्हणून मोकळे होत. त्यापुढे ‘पालकांसाठी सूचना’. म्हणजे गोष्टीतून काही कळलं नसेल, तर आईबापांनी निस्तरावं. कागद इतका गुळगुळीत की बोट ठरत नाही, चित्रं प्रकाशकाच्या भाच्याची, आणि मागच्या बाजूला चार मान्यवरांची शिफारस. त्यातल्या एकानंही पुस्तक उघडलेलं नसणार, यावर बाई पैज लावायला तयार होत्या. एक पुस्तक तर बटण दाबलं की डरकाळी फोडायचं. आठ दिवसांत वाघाचा सेल संपला आणि आत वाचण्यासारखं काहीच नाही हे उघडं पडलं.

बाईंची परीक्षा साधी होती. दर शनिवारी सकाळी नवं पुस्तक मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. ज्या पानाला पहिलं मूल उठून खिडकीकडे जाईल, तिथे पुस्तक मिटायचं आणि त्या पानाचा आकडा आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचा. खरेदी करताना तेवढा आकडा बघायचा, बस्स. लेखक समोर बसलेला असला तरी बाई भीडभाड ठेवत नसत. एका निवृत्त साहेबांच्या बालकविता दुसऱ्या पानाला मिटल्या, तेव्हा साहेबांचा चेहरा पडला आणि ते पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत. “बरं झालं,” बाई म्हणाल्या होत्या, “एक खुर्ची मोकळी झाली.”

आणि आता त्यांच्याच लेकीनं पुस्तक लिहिलं होतं.

नोकरी सांभाळून दोन वर्षं ती लिहीत होती, पण आईला तिनं एक ओळ दाखवली नाही. “छापून आलं की शनिवारी वाच, सगळ्यांचं वाचतेस तसंच,” ती म्हणाली. “तुझा आकडा बघूनच ठरवीन पुढचं लिहायचं की नाही.”

शनिवारी प्रकाशक आपला फोटोग्राफर आणि फुगे घेऊन हजर झाला. लेक दाराशी उभी राहिली. बाईंनी पुस्तक उघडलं. एक मुंगी होती. ती रागवायची, मग दहापर्यंत आकडे मोजायची, मग शांत व्हायची. पुढच्या पानावर पुन्हा रागवायची, पुन्हा मोजायची. सहाव्या पानावर मुंगीनं दीर्घ श्वास घेतला. सातव्या पानावर पुढचे दात पडलेल्या एका मुलीनं उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला.

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीचं लक्ष त्या हाताकडेच होतं. बाईंनी पुस्तक आपल्याकडे वळवलं, पान उलटलं आणि म्हणाल्या, “आणि तेवढ्यात आली शेळी!”

पुस्तकात शेळीचा पत्ता नव्हता. बाईंच्या शेळीनं शाळेची हजेरी खाल्ली. त्यामुळे कोण आलंय आणि कोण नाही हे मास्तरांना कळेना, म्हणून मास्तर स्वतःच गैरहजर ठरले. मुलगी परत बसली. पोरं लोळून लोळून हसली. बाई मधून मधून नीट अंदाजानं पानं उलटत होत्या. एकही मूल शेवटपर्यंत हललं नाही.

प्रकाशकानं टाळ्यांचा कडकडाट केला. “बाई, ही शेळी तर माझी पहिल्यापासून आवडती! मी तेव्हाच म्हटलं होतं, शेळी मुखपृष्ठावर हवी!”

एरवी बाईंनी त्याची बिनपाण्यानं केली असती. पण न वाचता शिफारस करणाऱ्या त्या चार मान्यवरांत आता पाचव्या त्या होत्या.

सगळे गेल्यावर लेक छोट्या खुर्च्या एकात एक रचत राहिली. मग वळून म्हणाली, “त्या साहेबांना तोंडावर सांगितलंस. सगळ्यांना सांगतेस. मीच काय घोडं मारलं होतं तुझं?”

“तुला वाईट वाटलं असतं गं.”

“त्यांना वाटलं नव्हतं?”

आपल्या स्पष्टवक्तेपणाचा बाईंना केवढा तोरा होता! पण परक्याच्या पोराला नावं ठेवायला लागतंय काय? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“कंटाळवाणं आहे,” त्या म्हणाल्या. “सातव्या पानाला मिटायला हवं होतं. तुझी मुंगी रागावतच नाही, नुसते आकडे मोजते. तिला कुणी काय केलं, ते कुठे लिहिलंयस?”

लेकीचे डोळे भरून आले. शब्द मागे घ्यावेत असं बाईंना फार वाटलं, पण त्यांनी घेतले नाहीत. लेक एका छोट्या खुर्चीत गुडघे वर करून बसली.

“तिला रांगेतून बाहेर काढलं असणार,” शेवटी नाक पुसत ती म्हणाली.

“का?” बाईंनी विचारलं. कितीतरी वर्षांनी त्यांना एखाद्या गोष्टीत पुढे काय झालं ते खरोखरच ऐकायचं होतं.