परकी ज्वारी

सरकारने धान्य वाढवायची मोहीम काढली, त्या साली भिकुबाईने शेतकी खात्याचं नवं बियाणं पेरलं होतं. दाणा भरू लागला तेव्हा खात्याचा कारकून सुकदेव देवपूरहून आला. वावराच्या मधोमध त्याने चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि सांगितलं, "अक्का, या चौकोनातली कणसं तेवढी मी मोजणार. पंधरा दिवसांनी येतो."

पंधरा दिवसांनी चौकोनाची ज्वारी झोडली, तर तेरा शेर भरली. सुकदेव हरखला. पण शेजारचा चुडामणनाना कपाळाला हात लावून खाली बसला.

"भिकुबाई, हाई काय कयं तू? इतला उतारा लिखात, ते सरकार त्याच मापानं लेव्हीना दाना मागी. तुन्ही बठ्ठी ज्वारी लई जाई!"

सुकदेवने मान वर केली. दोरीबाहेरची निम्मी कणसं पोकळ होती. चिमण्यांनी टिपलेली. आणि भिकुबाईचा राखणीचा माळा बांधावर नव्हता. चौकोनाला खेटून उभा होता.

"अक्का, एवढीच ज्वारी राखली?"

"मी एकली, भाऊ. बठ्ठं वावर कसं राखू? तुम्ही दोरी बांधी गयात, माले वाटनं सरकारनी ठेव शे. मनं चिडीसनी खादं ते खादं. परक्यानी ठेव कशी खाऊ देऊ?"

"गानं बी म्हने ती दिनभर," नाना म्हणाला. "म्हन ना वं, ऐकू दे सायेबले."

भिकुबाई लाजली, पदर ओढून घेतला, आणि हळूच म्हणाली,

"चिडीबाई, चिडीबाई, मनं वावर तुनं आंगन,
चार खुट्यासमा नको येऊ, तठे परकं धन."

सुकदेवने खुंट्या उपटल्या, पन्नास पावलं लांब नेऊन ठोकल्या. तिथली ज्वारी झोडली. सहा शेर.

भिकुबाईचा चेहरा पडला. "मनी राखन वाया गयी?"

"नाही, अक्का." त्याने लिहिलं ते वाचून दाखवलं: "वावराचा खरा उतारा सहा शेर. लेव्ही यावर धरावी. एका बाईने दिवसभर राखलेल्या तुकड्यात तेरा. बियाणं चांगलं आहे, राखणीला माणूस नाही."

"इतलं कमी दखीसन तुमना सायेब तुमले बोलनार नही ना?"

"बोलतील थोडं."

ती उठली. झोडलेली तेरा शेर ज्वारी तिने पोत्यात भरली आणि त्याच्यापुढे ठेवली. सुकदेवने पोतं उचलून तिच्या डोक्यावर दिलं.

"ही परकी नाही, अक्का. घरी न्या."