तबकडीच्या शेवटी

कासीमनं फोनोच्या साऊंडबॉक्सचा शेवटचा स्क्रू काढला आणि आतली अभ्रकाची चकती चिमटीत धरून दारातल्या उजेडाकडे केली. तिचा पापुद्रा सुटून वर आला होता.

"हे बघा शिवप्पाशेट. घरघर हितनं येत होती. मशीन तुमचं पैलवान आहे, छाती फुटलीय त्याची."

"मग नवी घाल की. दोन हप्ते झाले, गिऱ्हाईक समोरच्याकडं पळतंय," शिवप्पा भट्टीवरनं ओरडला.

दाराबाहेर, पायरीच्या खाली, लिंबा कान तुटलेला कप घेऊन उभा होता. लाकडाची मोळी मागच्या अंगणात टाकून झाली होती. शिवप्पानं हातभर वरून ओतलेला चहा प्यायचा, नळावर कप विसळायचा, बाहेरच्या देवळीत पालथा घालायचा आणि वाटेला लागायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आज त्याचा चहा संपत नव्हता. रस्त्यापलीकडे गटाराच्या कडेला त्याची आई, बजाबाई, चुंबळ मांडीवर घेऊन बसली होती.

कासीमनं नवी चकती रबराच्या दोन कड्यांमध्ये बसवली. सुईच्या दांड्याचं टोक तिच्या मधोमध आणलं. ते नुसतं टेकायला हवं. दाबलं तर आवाज चिरका होतो, सुटलं तर घरघरतो. त्यानं भट्टीत तार तापवून टोकावर मेणाचा थेंब सोडला आणि श्वास रोखून स्क्रू आवळला.

"कुठली लावू?"

"बुवांचीच लावा," बाकावरून वेणीमाधवराव म्हणाले. ते मिलमधले टाइमकीपर, हॉटेलातलं गाण्यातलं शेवटचं कोर्ट. "त्यांचा वरचा सूर फाटला नाही, तर कुणाचाच फाटणार नाही."

शिवप्पानं हात पुसले, देवाच्या फोटोखाली ठेवलेली तबकडी काढली, कपाळाला लावली आणि मग कासीमच्या हाती दिली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, सोमनाथबुवा.

लिंबानं कप ओठांपासून खाली घेतला.

सोमनाथबुवा नावाचा माणूस जगात नव्हता. बारा वर्षांपूर्वी मुंबईत गोदीवर हमाली करताना लिंबाला तबकड्यांच्या कंपनीच्या एका एजंटानं गाताना ऐकलं होतं, एका खोलीत नेऊन कर्ण्यात तोंड घालून भजन म्हणायला लावलं होतं आणि धोतरजोडी देऊन वाटेला लावलं होतं. "तुझं नाव छापलं तर तबकडीला हात कोण लावील?" असं तो तोंडावर म्हणाला. देवाला गळा चालत होता, गळ्याखालचा माणूस चालत नव्हता. पण तबकडी दूरगावी छापायची, म्हणून कुणाचं गाणं ते तिथल्या लोकांना कळावं यासाठी गाणाऱ्यानं शेवटी आपलं नाव बोलायचं, अशी तेव्हा रीत होती. लिंबा बोलला होता. ते खोडायचं एजंटाच्या ध्यानात राहिलं नाही.

शिवप्पाच्या फोनोवर शेवटी सगळी घरघरच व्हायची आणि गाणं संपता संपता तो सुई उचलायचा. कासीमनं मात्र ती तबकडी एकदा घरी नेऊन आपल्या मशीनवर पार शेवटपर्यंत लावली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं लिंबाला रस्त्यात गाठून एवढंच विचारलं होतं, "तेरे माँ का नाम क्या रे?"

लिंबानं हात जोडले होते. "मामू, तोंडातनं काढू नगासा."

काढलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. याच हॉटेलच्या रांजणाला हात लागला म्हणून गेल्या साली त्याच्या चुलतभावाचं मनगट मोडलं होतं. या रस्त्यावरच्या सगळ्या भट्ट्या लिंबाच्या लाकडावर पेटायच्या आणि त्याची चूल त्या भट्ट्यांवर.

त्यानं फक्त आईला सांगितलं होतं. ती हसली होती. "माझं नाव, फोनूत? आरं, सोताच्या घरात माझं नाव कुनी घेतलं न्हाय." तरी तेव्हापासून ती रोज मोळीबरोबर यायची आणि पलीकडे बसायची. तिच्या कानावर आजवर घरघरच पडली होती.

सुई टेकली. आवाज नाकातून आल्यासारखा बारीक निघाला.

"बुवांना पडसं झालंय!" वेणीमाधवराव म्हणाले. बाकावरची माणसं हसली.

कासीमनं साऊंडबॉक्स उचलला, स्क्रू केसभर सैल केला आणि पुन्हा लावला.

या वेळी गळा मोकळा आला. लिंबाला आपला विशीतला श्वास ऐकू आला, आपण कुठं थांबलो होतो तेसुद्धा. वरचा सूर आला, ताणला गेला, फाटला नाही. बाकावरचे कप हवेतच थांबले.

"वा!" वेणीमाधवरावांनी मांडीवर थाप मारली. "असा गळा एका पिढीत होत नसतो, शिवप्पा. त्याला घरचे संस्कार लागतात."

"सोवळ्यातला मानूस असनार," शिवप्पा म्हणाला आणि सवयीनं सुई उचलायला पुढं झाला.

"राहू द्या हो. आज चांगलं लागलंय, शेवटपर्यंत ऐकू."

कासीमनं मान वर केली. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर साऊंडबॉक्सजवळ आला.

"अजून कच्चं वाटतंय, शेट. थांबवू का?" विचारलं त्यानं शिवप्पाला, पण बघितलं दाराकडे.

लिंबानं नुसती मान डोलवायची होती. त्यानं मागं वळून पाहिलं. बजाबाईनं चुंबळ खाली ठेवली होती आणि कानावरचा पदर मागं सारला होता.

त्यानं मान आडवी हलवली. कासीमनं हात काढून घेतला.

तबला थांबला. कर्ण्यातून एक श्वास आला आणि मग तरणा, ठणठणीत आवाज, "मी लिंबा. बजाबाईचा. महारवाडा, सोलापूर."

सुई शेवटच्या रेघेत घासत राहिली. ती कुणी उचलली नाही. भट्टीवर चहा उतू गेला. वेणीमाधवरावांनी आपला कप हळूच बाकावर ठेवला. शिवप्पानं वाकून सोनेरी अक्षरं पुन्हा वाचली. मग तबकडी जिथं टेकवायचा त्या कपाळावरून त्यानं तळहात फिरवला आणि तो दाराशी आला.

"ए मोळीवाल्या." इतक्या वर्षांत त्यानं दुसरं नाव विचारलं नव्हतं. "तुमच्याच वाड्यातला दिसतोय. कोन हाय रं ह्यो लिंबा?"

लिंबाच्या ओठाशी 'ठावं न्हाय' आलं होतं. ते दोन शब्द सोपे होते. ते बोलला असता तर तो उद्याही मोळी घेऊन आला असता.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून, टांग्याच्या खडखडाटावरून, त्याच्या आईची हाक आली.

"लिंबाऽ! पुन्यांदा लाव म्हन की त्येस्नी!"

शिवप्पानं हाकेकडे पाहिलं, मग लिंबाकडे.

लिंबानं कपातला उरलेला चहा सावकाश संपवला. नळाकडे न जाता, न विसळता, कप देवळीत सुलटा ठेवला. मग पायरीखालीच, होता तिथं उभा राहिला.