नोंदीत नसलेला नकार

आमच्याकडे, उत्तरेच्या बर्फात, ‘हो’ म्हणायला भुवया उचलतात आणि ‘नाही’ म्हणायला नाक आक्रसतात. तेवढ्यासाठी जुनी माणसं तोंड उघडत नाहीत.

मार्चमध्ये जहाज कंपनीची गावाबरोबर बैठक झाली, तेव्हा दुभाषी मीच होते. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "यंदा बर्फ फुटायची वाट न बघता जूनमध्येच जहाज आणलं तर चालेल ना?" मी आमच्या भाषेत सांगितलं. पुढे बसलेल्या उयाराककाकांनी नाक आक्रसलं. मागोमाग सगळ्यांनी. साहेबांची मान कागदात. "कुणाचीच हरकत नाही," असं म्हणत त्यांनी लिहूनही टाकलं.

मला दिसलं होतं. पण बोललेलं तेवढंच सांगायचं, असं कंपनीनं मला बजावलेलं. नोकरीला भिऊन मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर काका खुशीत होते. "नाही म्हटलं आपण. मिटलं."

"आणि आणलंच तर?"

"एवढ्या माणसांनी नाही म्हटल्यावर? खुळी का काय तू?"

त्याच भरवशावर जूनमध्ये काका कुत्र्यांची गाडी घेऊन, गोठलेली खाडी ओलांडून पलीकडे शिकारीला गेले.

तिसऱ्या दिवशी बर्फावर ऊन खात पडलेले सील एकाएकी दिसेनासे झाले. गावातली कुत्री गप्प झाली. मग पायाखालून घरघर येऊ लागली, आणि खाडीच्या टोकाला वळसा घालून, बर्फ फोडत जहाज आत शिरलं.

मी रेडिओ घेऊन किनाऱ्यावर धावले, तोच त्यावर काकांचा आवाज आला. "पोरी, परत निघालोय, अर्ध्यावर आहे. पुढं धुकं आहे. हा आवाज कसला गं?"

"काका, मागं फिरा. जहाज आहे."

"जहाज कसं असेल? आपण नाही म्हटलंय की."

मी रेडिओवरून जहाजाला हाका मारल्या, बर्फावर माणूस आहे म्हणून सांगितलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, की गावाची लेखी संमती आहे आणि बर्फावर कुणी नसल्याचं कंपनीनं त्यांना कळवलेलं आहे. जहाज धुक्यात गेलं. मागे काळ्या पाण्याचा रुंद पट्टा उरला.

मी काकांना हाका मारत राहिले. रेडिओ नुसता खरखरत होता. माझ्या भित्रेपणाची मला शिसारी आली.

आतुआतकाकू धावत किनाऱ्यावर आल्या. "आवाज आला का गं यांचा?"

 मी नाक आक्रसलं.

काकू तिथंच बर्फावर बसल्या.