टेकडीवरची हाक

छिन्नी हातात धरून लोरिमर उजेडाची वाट पाहत बसला होता. पूर्वेकडच्या फळ्यांतून समुद्राचा करडेपणा आत झिरपला होता, पण त्यात शिळेवरचे काहीच दिसत नव्हते. ती नुसती एक फिकट, निजलेली वस्तू होती. मग पाण्यापलीकडे पितळेची कड उमटली. फटीफटीतून उजेडाच्या पट्ट्या जमिनीवर उतरल्या आणि निजलेल्या घरात कुणी अनवाणी चालावे तशा पुढे सरकू लागल्या: रंगाच्या डब्यांवरून, गुंडाळलेल्या शिडावरून, काल अर्धवट रंगवलेल्या नावेच्या पाटीवरून. त्याला घाई नव्हती. अक्षरे कोरणाऱ्याला हाच उजेड लागतो. डोक्यावरचे ऊन उथळ आणि खोल एकसारखे दाखवते. हा आडवा उजेड प्रत्येक खाचेत सावली भरतो, आणि कुठे हात कचरला होता ते मुकाट्याने सांगतो.

पट्टी शिळेवर चढली. आधी ‘अर्बन’ उजळले. मग उजेड पुढच्या अक्षरांत उतरला आणि शेवटच्या अक्षराच्या शेपटाशी थांबला. तिथे खाच उथळ राहिली होती.

लोरिमर. त्याच्याच हाताने कोरलेले त्याचेच नाव, आणि त्याचे नसलेले.

कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर माणूस पुरला म्हणून संपत नाही. थडग्यावर शिळा उभी राहीपर्यंत तो परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून असतो. घरच्यांना जमेल तेव्हा ते शिळेचे जेवण घालतात, ढोल वाजतात, आप्तांना एकेक करून हाक मारतात, प्रत्येक जण शिळेवर पाणी आणि रम ओततो, आणि मग मेलेला निवांत होतो. कप्तान अर्बन लोरिमरचे जेवण उद्यावर आले होते. होड्यांच्या पाठीवर नाव रंगवणारा आणि शिळेवर अक्षर कोरणारा हात या किनाऱ्यावर एकच होता. तो लोरिमर बेदोचा.

शाळेत पोरे म्हणत, “बाप पुढं, आई मागं, आणि पोरगं कुणाचंच नाही!” या बेटावर ज्या बापाने आपले आडनाव द्यायचे नाकारले, त्याचे आडनाव एखादी आई पोराला नाव म्हणूनच ठेवते. नाव ठेवणे आईच्या हाती. त्याला कुणी आडकाठी करू शकत नाही. लोरिमर मात्र कुणी विचारले की वेगळेच सांगे. गावातल्या वाचनालयात नावांचे एक जाडजूड पुस्तक होते. त्यात त्याला सापडले होते: स्कॉटलंडमधले जुने, धंद्यावरून पडलेले आडनाव, घोड्याच्या लगामाची कडी घडवणारा. एवढाच अर्थ. बाकी कशाशी संबंध नाही.

“लगाम?” त्याची आई तेव्हा हसली होती. “या बेटावर घोडा कुणी बघितलाय? गाढवं आहेत, ती बिनलगामाचीच बरी.”

आता ती कोकोचा पेला घेऊन दारात उभी होती. इझमे बेदो साठी ओलांडलेली होती, पण टेकडीवरच्या अंगणात उभी राहून ती बोलली, तर खाली किनाऱ्यावर नावा बांधणाऱ्यांना शब्द न् शब्द ऐकू जाई.

“अजून त्याच्याच नावाशी बसलायस?”

“माझंही तेच आहे, आई.”

“मला सांगतोस? ठेवलं कुणी?”

तिच्यामागून दुसरी सावली आत आली. कप्तानाची थोरली लेक वेरोना जेवणासाठी लंडनहून आली होती. सकाळच्या दमट हवेतही तिने मोजे घातले होते.

“गुड मॉर्निंग, मिस इझमे.”

“ये, लंडनकर. पाय जपून टाक. इथं गालिचे नाहीत.”

वेरोनाने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. शिळेपाशी येऊन तिने बापाच्या नावावरून बोट फिरवले. लोरिमरने नजर वळवली.

“छान झालंय, मिस्टर बेदो.”

तिने त्याला नावाने हाक कधीच मारली नव्हती. लहानपणी ‘ए’ म्हणे, आता ‘मिस्टर बेदो’.

“उद्याचं एक सांगायचं होतं,” ती शिळेकडे पाहतच म्हणाली. “माझं नाव पुकारतील, माझ्या भावाचं, सेसिलचं, मग नातवंडांचं. त्यात कुणी तुम्हाला नावानं हाक मारली, तर सगळं अंगण वळून बघेल. पपांच्या दिवशी ते नको. तुम्ही नाही आलात तर बरं होईल. ताट मी घरी पाठवते.”

“ताट!” इझमेने पेला फळीवर आदळला. “ऐकलंस? शिळा यानं कोरायची आणि जेवायचं मागच्या दारानं! अगं पोरी, तुझ्या बापानं आडनाव मागं लावू दिलं नाही, म्हणून मी पुढं लावलं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबा म्हणाले, बापाचं नाव सांग. मी म्हटलं, पोराचं विचारा, ते सांगते. लोरिमर! पाण्याचं भांडं तसंच राहिलं त्यांच्या हातात. पहिल्या बाकावर तुझी आई बसली होती.”

“माहीत आहे. मी शेजारीच होते.”

“मग कानांनी ऐकलंस. आता कशाला लपवतेस?”

लोरिमरला या क्षणी उठून समुद्राकडे चालू लागावेसे वाटले. आयुष्यभर तो असाच निघून जात आला होता. लहानपणी तो अर्धवट बांधलेल्या नावांच्या पोटाखाली, लाकडाच्या ढलप्यांत खेळत बसे, आणि तिन्हीसांजेला टेकडीवरून आईची हाक येई. पहिली ‘लोरिमर!’ अशी, लांबलचक, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. त्या हाकेला तो कधी उठला नाही. लाजेने कान गरम होत. थोड्या वेळाने दुसरी येई, तुटक, “ए, रस्सा निवतोय!” तिला मात्र तो धावत सुटे. लोरिमरांच्या घराला झोंबावे म्हणून आई बोंबलते, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकले होते.

आज तो उठला नाही. छिन्नीच्या टोकावरची भुकटी त्याने फुंकली.

“मी येईन,” तो म्हणाला. आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “कुणी नाव विचारलं, तर आहे तेच सांगेन. तुम्हाला नको असेल, तर शिळा दुसऱ्याकडून कोरून घ्या.”

“शाबास!” इझमे म्हणाली.

वेरोनाचा चेहरा लाल झाला. लंडन तिच्या आवाजातून गळून पडले.

“तुमच्या नावाचं मला काही नाही हो! मला ती हाक नको. रोज संध्याकाळी ही बाई टेकडीवरून ओरडायची आणि खाली नावेचं लाकूड तासणाऱ्या पपांचा वाकस थांबायचा. लाकडात तसाच, अर्धा रुतलेला. आणि ते हळूच म्हणायचे, ‘आलो.’ स्वतःशीच. उठायचे नाहीत, कुठं जायचे नाहीत. नुसतं ‘आलो.’ माझी आई जेवायला हाका मारून थकायची. तिला कधी म्हणाले नाहीत ते.”

लोरिमरने आईकडे पाहिले. आता ती काही तरी जहाल बोलेल, सबंध किनाऱ्याला ऐकू जाईल असे. तिने पेला उचलला, रिकामा आहे की काय ते पाहिले, आणि पायवाटेवर पाय शोधत शोधत ती टेकडी चढू लागली. पेला भरलेलाच होता. कोको तिच्या मनगटावरून ओघळत होता.

तो पुन्हा शिळेवर वाकला आणि उथळ राहिलेले शेपूट खोल केले.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर, तो पांढरा सदरा घालून कप्तानाच्या अंगणात गेला. आईला बोलावणे नव्हते आणि ती आली नव्हती. पांढरी चादर काढलेली शिळा मधोमध होती, ढोलकरी एका बाजूला, मोठ्या हंड्यांतून मटणाची वाफ येत होती. वेरोनाचे नाव पुकारले. सेसिलचे. मग नातवंडांची. प्रत्येक जण पुढे झाला, पाणी ओतले, रम ओतली. नावे पुकारणाऱ्या म्हाताऱ्याने चष्मा सावरला आणि रिवाजाप्रमाणे विचारले,

“रक्ताचं कुणी राहिलंय?”

मागे एक बाई खोकली.

“राहिलंय,” लोरिमर म्हणाला. तो पुढे झाला. “लोरिमर. लोरिमर बेदो.”

म्हाताऱ्याने वेरोनाकडे पाहिले. ती एक पाऊल बाजूला झाली; वाट दिली की तोंड फिरवले, ते कळले नाही. लोरिमरने पेला घेतला आणि पाणी ओतले. ते अक्षरांच्या खाचांत भरले, काठोकाठ. कलत्या उन्हात नाव लखलखले. त्याने सगळ्यांकडे मान ताठ करून पाहिले. एकही नजर चुकवली नाही.

तेवढ्यात टेकडीवरून हाक आली.

“लोरिमर!”

लांबलचक, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ढोलावरचे हात थांबले. अख्खे अंगण वळून त्याच्याकडे पाहू लागले. फक्त वेरोना शिळेकडे पाहत होती.

सवयीने तो दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभा राहिला. खाचांतले पाणी हळूहळू काठावरून ओघळले. वर टेकडीवर, आईच्या अंगणाच्या कडेला, एक लहानशी आकृती बराच वेळ तशीच उभी होती. मग ती आत गेली.

दुसरी हाक आली नाही.

पहिली हाक त्याच्यासाठी कधीच नव्हती.