जाताना वारा समोरून

आई माझ्याकडे आली तेव्हा विमानाला अकरा तास लागले होते. परतीच्या विमानाला चौदा लागतात. विमानतळ तेच दोन, अंतरही तेवढंच.

"असं कसं?" आई म्हणाली. "जाताना चढ लागतो का?"

"वरचा वारा एकाच दिशेने वाहतो, आई. येताना तो पाठीशी होता. जाताना समोरून."

"म्हणजे येताना मेल्याने पाठीवरून हात फिरवला आणि आता छातीवर हात ठेवून ढकलतोय."

इथे आल्यावर दोनच महिन्यांत तिची फुप्फुसं खालावली. तेव्हापासून ऑक्सिजनचं यंत्र तिच्या खुर्चीशेजारी घुरघुरत असतं आणि त्याची नळी नाकाशी. विमान कंपनीचा नियम असा की, प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या जवळ हव्यात. आणि तीनपेक्षा जास्त न्यायच्या नाहीत. तीन बॅटऱ्या अठरा तास चालायच्या. आम्हाला एकवीस हवे होते.

"मग मध्ये कुठेतरी उतरू. दम खाऊ."

"मध्ये समुद्र आहे."

"अख्खा?"

"अख्खा."

तिला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर मरायचं होतं. हे ती आज भाजी कोणती करायची, अशा सुरात सांगायची. घराची किल्ली मावशीकडे होती.

"ये बाई लवकर," मावशी फोनवर म्हणायची, "तुझ्या खिडक्या पुसून माझे खांदे गेले."

"पुसतेस कसली! माझ्या पलंगावर लोळत असशील."

उन्हाळ्यात वरचा वारा मंदावतो. मी मागच्या वर्षीच्या वेळा काढून पाहिल्या. ऐन उन्हाळ्यात हेच विमान बारा तासांत पोचत होतं. बाराची दीडपट अठरा. मी तिकिटं काढली. आईने त्याच दिवशी बॅग भरायला लावली आणि दाराशी नेऊन ठेवायला सांगितली. उन्हाळा यायला अजून अवकाश होता. येता-जाता आम्ही त्या बॅगेला ठेचकाळत राहिलो.

निघायला आठवडा राहिला असताना यंत्रवाला तपासणीला आला. आईच्या बोटाला चिमटा लावून त्याने ऑक्सिजनचा आकडा पाहिला. बोट चोळून पुन्हा पाहिला. डॉक्टरांशी फोनवर बोलला आणि यंत्राचं बटण दोनवरून तीनवर नेलं. घुरघुर जलद झाली.

"आता बॅटऱ्या किती चालतील?" मी विचारलं.

"तिन्ही मिळून बारा तास."

आईने मान वर केली. "आणि विमान किती घेतं म्हणालीस?"

"बारा."

"मग पुरतंय की!"

"दीडपट लागतात, आई. ते चढूच देणार नाहीत."

"त्यांना सांग, उतरल्यावर मला फारसं लागणार नाही."

यंत्रवाला खाली बसून वायर गुंडाळत होता. गुंडाळलेली वायर त्याने सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

दुपारी मावशीचा फोन आला. पलंगावर नवी चादर घातली होती, दाराच्या बिजागरीला तेल घातलं होतं, खिडक्या सकाळपासून उघड्या ठेवल्या होत्या.

"बंद कर त्या," आई म्हणाली. "धूळ येते."

"अगं, आठवड्यात तू येतेयस! कोंदट वास नको म्हणून उघडल्यात."

"बंद कर म्हटलं ना."

मावशीने विचारलं, "किती दिवसांसाठी?"

आईने फोन माझ्याकडे दिला.